क्रिस्तपुराणाचे घर

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाला जी जागा मिळाली आहे, ती मानाची असली तरी अडचणीची आहे. एक परकी धर्मोपदेशक सातासमुद्रांपलीकडून आला, मराठी शिकला, तिच्यावर लुब्ध झाला आणि तिच्या स्तुतीच्या ओव्या लिहून गेला, एवढ्यावर बहुतेक ग्रंथकार थांबतात. त्या स्तुतीच्या ओव्या शालेय पुस्तकांतून, भाषणांतून आणि अलीकडे मराठी भाषा दिनाच्या निमंत्रणपत्रिकांतून इतक्या वेळा आल्या आहेत की उरलेले पुराण जणू त्यांची पुरवणी ठरावे. दहा हजार नऊशे बासष्ट ओव्यांच्या ग्रंथातील चार-पाच ओव्यांवर आपण संतुष्ट आहो. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की हा ग्रंथ ज्या वास्तूत ऐकला गेला, त्या वास्तूचा आणि तिच्यातील सामानसुमानाचा विचार केल्याखेरीज त्याची खरी समीक्षा संभवत नाही. क्रिस्तपुराण हे कपाटातले पुस्तक नव्हे. साष्टीतल्या खेड्यांतील चर्चमध्ये वेदी, घंटा, पुलपिट जसे होते, तसेच ते होते. त्या घराच्या सामानापैकीच एक.

प्रथम घराविषयी. स्टीफन्स १५४९ साली इंग्लंडातील विल्टशर परगण्यात जन्मले, २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास उतरले आणि १६१९ साली येथेच वारले. या चाळीस वर्षांतील बहुतेक काळ त्यांनी साष्टी तालुक्यात काढला. रायतूर, ज्याला पोर्तुगीज राशोल म्हणत, हे जुवारी नदीच्या काठचे किल्ल्याचे गाव. येथे १६०६ साली येशूसंघीयांच्या महाविद्यालयाचा पाया घातला गेला आणि १६१० साली वास्तू पुरी झाली. आरंभी ती सर्व संतांच्या नावाने होती, पुढे १६२२ नंतर संत इग्नेशियसच्या नावाने झाली. आज तेथे धर्मगुरूंचे विद्यालय आहे. येथल्याच छापखान्यात १६१६ साली क्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले, कारण देवनागरी खिळे पाडणे त्या काळी साधले नव्हते. १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जे आहे ते हस्तलिखितांतून आहे. छापखानाही गेला. उरले आहे ते चर्च. जाड भिंतींचे, चुन्याने पांढरे केलेले, आत सोन्याचा वर्ख दिलेल्या लाकडी मखरांचे. ज्या ग्रंथाचा छापील कागद सबंध नाहीसा झाला, त्याच्या श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर जे लाकूड होते त्या जातीचे लाकूड अजून उभे आहे, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकांना आजवर विशेष का वाटली नाही याचे आश्चर्य वाटते. शिलालेख आणि ताम्रपट यांच्यासाठी डोंगरदऱ्या तुडविणारी आमची संशोधनपरंपरा चर्चच्या दाराशी येऊन थबकते.

गोव्यातील जुन्या खेड्यांतले चर्च आतून कसे असते, हे थोडे सांगणे अवश्य आहे. जांभ्या दगडाच्या भिंती. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ पापुद्रे बसविलेले, त्यामुळे आत येणारा उजेड दुधाळ आणि मंद. समोर मुख्य वेदी आणि तिच्यामागे छताला भिडणारे कोरीव मखर, खांबांचे आणि कोनाड्यांचे, मजल्यांवर मजले असावेत तसे. मधल्या कोनाड्यात गावच्या आश्रयदात्या संताची किंवा मरियेची मूर्ती, बाजूंना इतर संत. दोन्ही बाजूंच्या भिंतींना लहान वेद्या. जमिनीत थडग्यांच्या लेख कोरलेल्या शिळा. बाके ही पुष्कळ पुढची; जुन्या काळी लोक जमिनीवरच बसत. आणि सभामंडपाच्या मध्याजवळ, एका बाजूच्या भिंतीला उंचावर, पुलपिट: कोरीव लाकडाचा, पायऱ्यांनी चढून जावयाचा, वर आवाज खाली परतविणारे छत्र असलेला. गोव्यातील कित्येक पुलपिटांच्या तळाशी नागिणींसारख्या स्त्रीमूर्ती कोरलेल्या दिसतात. वर मानवी देह, खाली सर्पाचे वा मत्स्याचे वेटोळे. युरोपातल्या शिल्पात जलकन्या आहेत हे खरे. पण ज्या सुताराने हे कोरले त्याच्या हाताला जलकन्येपेक्षा नागीण अधिक ठाऊक होती, हे त्या कामाकडे पाहिल्यावर सांगावे लागत नाही. सोळाव्या शतकातील धर्मपरिषदांनी हिंदू कारागिरांकडून पूजेच्या वस्तू व मूर्ती घडवून घेण्यास बंदी केली होती. ती बंदी पुन्हा पुन्हा करावी लागली, यावरून काय चालू होते ते कळते.

आता पुराणाकडे वळू. पहिल्या पुराणाच्या आरंभीच्या भागात एक प्रसंग आहे, त्याकडे अभ्यासकांचे लक्ष जावयास हवे तितके गेलेले नाही. साष्टीतल्या चर्चमध्ये मुलांना ख्रिस्ती धर्माचे पाठ दिले जात असता एक ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही पुराण आम्हांला का देत नाही? सगळा ग्रंथ हा त्या प्रश्नाचे उत्तर आहे. हा प्रश्न कोठे विचारला गेला याचा विचार करावा. १५६७ साली साष्टीतील देवळे मोडण्यात आली होती. मडगावचे पवित्र आत्म्याचे चर्च १५६५ साली उभे राहिले ते दामोदराच्या देवळाच्या जागी, आणि दामोदर जांबावलीस गेला. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, कुठ्ठाळीचा मंगेश मंगेशीस. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविले गेले आणि गावकरीच्या संस्थांनी चर्चचा खर्च उचलला. म्हणजे १६१६ साली त्या मंडपात बसलेल्या पन्नाशीच्या माणसाचा आजा त्याच ठिकाणी किंवा शेजारच्या गावात दीपमाळेखाली पुराण ऐकत बसलेला असणे अशक्य नव्हते. त्या ब्राह्मणाच्या प्रश्नात भक्ती आहे की उपरोध आहे, हे स्टीफन्स यांनी सांगितलेले नाही. माझ्या मते दोन्ही आहेत. मधली जागा रिकामी झाली होती. ती मखराने आणि मूर्तींनी डोळ्यांपुरती भरली होती, कानांची जागा रिकामी होती. ओवी तेथे बसविण्यात आली.

यामुळेच क्रिस्तपुराणाला 'दोन संस्कृतींचा समन्वय' म्हणण्याची जी रीत पडली आहे, ती मला मान्य नाही. समन्वय हा शब्द दोन पक्ष एका बैठकीवर बसले असता शोभतो. येथे एका पक्षाचे घर मोडलेले आहे. कुंकळ्ळीस १५८३ च्या जुलैत पाच येशूसंघीय मारले गेले. त्यांचे प्रमुख रोदोल्फो आक्वाविव्हा हे अकबराच्या दरबारी राहून आलेले विद्वान होते. त्यांचे देह मिळवून रायतूरच्या हिममातेच्या चर्चमध्ये पुरण्याच्या कामी स्टीफन्स यांचा हात होता. पुढे आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून कुंकळ्ळीच्या मुखियांना ठार करण्यात आले. ज्या कवीने पुढे तेहतीस वर्षांनी वैकुंठ हा शब्द स्वर्गासाठी निःशंकपणे वापरला, त्याने हे सारे जवळून पाहिलेले होते. समन्वय म्हटले की हे पुसले जाते. उलट त्याला केवळ 'धर्मप्रचाराचे साधन' म्हणून हातावेगळे करणारेही तितकेच चुकतात, कारण साधन एवढे सुंदर करण्याची गरज नसते. मखराला मागूनही रंधा मारलेला असतो, जेथे कोणी पाहणार नाही. तसे या ग्रंथातले शब्द आहेत.

घराचा विचार केला म्हणजे एक जुना वादही वेगळ्या उजेडात दिसतो. क्रिस्तपुराण मराठीचे की कोंकणीचे, हा तो वाद. स्वतः स्टीफन्स मराठी म्हणतात आणि लोकांना समजावे म्हणून स्थानिक ब्राह्मणांच्या बोलीचे शब्द मिसळले असल्याचे सांगतात. त्यांचेच 'दौत्रिन क्रिस्तां' हे धर्मशिक्षणाचे पुस्तक मात्र कोंकणीत आहे. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली छापले गेले. त्यांचे व्याकरण, जे १६४० साली रायतूरला प्रसिद्ध झाले, तेही कोंकणीचेच. एकच माणूस एकाच गावात दोन भाषांत का लिहितो? दौत्रिन हे गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांचे पुस्तक आहे, मुलांकडून घोकून घेण्याचे. पुराण हे मोठ्यांना रविवारी आणि सणांच्या दिवशी वाचून दाखवावयाचे. प्रश्नोत्तराला घरातली बोली हवी, आणि पुराणाला पुराणाचीच भाषा हवी. जी भाषा त्या लोकांच्या कानांत पूर्वीपासून पुराणाची म्हणून होती, ती मराठी. एका छताखाली दोन भाषा आपापल्या कामाने राहत होत्या, जशी पापनिवेदनाची पेटी आणि पुलपिट राहतात: एका ठिकाणी कुजबुज, दुसऱ्या ठिकाणी उंच स्वर. कोणती भाषा श्रेष्ठ, हा प्रश्न त्या छताखाली उद्भवतच नव्हता. तो आपण बाहेर आणला. मराठी आणि कोंकणी या दोन्ही पक्षांच्या विद्वानांनी या ग्रंथाचा पुरावा म्हणून उपयोग करण्यात जितकी शक्ती वेचली, तिच्यातली निम्मी जरी त्याच्या वाचनपद्धतीच्या शोधात वेचली असती, तरी आज अधिक कळले असते.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो बळकट आहे. ग्रंथ जर घराशी इतका बांधलेला, तर घर सुटल्यावर तो जगला कसा? २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. गोव्यातून ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेस कानडा प्रांतात गेली, आणि मंगळूर भागातल्या घरांतून पुराणाच्या प्रती राहिल्या. १७८४ साली टिपूने तेथील ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणास बंदिवासात नेले, त्यांची चर्चे पाडली; त्या बंदिवासातही पुराण गाइले जात असे, अशी त्या समाजाची परंपरा सांगते. १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरहून जी रोमन लिपीतली आवृत्ती काढली, तिच्यामागे हीच हस्तलिखिते आहेत. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ साली पुण्यास निघाली, कारिदाद द्रागो यांची १९९६ साली मुंबईस, आणि फादर नेल्सन फाल्कांव यांनी सिद्ध केलेली २००९ साली बंगळूरला, म्हणजे श्रीरंगपट्टणापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. ग्रंथ चर्चवाचून जगला, हे खरे. पण जगताना तो बदलला. मंडपातल्या सामुदायिक श्रवणाचे घरातल्या पठणात रूपांतर झाले. उपवासाच्या काळात, मृत्यूनंतरच्या रात्री, आजीच्या तोंडून. मूर्ती समोर नसताना वर्णनाला जे काम करावे लागते ते मूर्ती समोर असताना करावे लागत नाही. एकाच ओवीचे हे दोन जन्म आहेत, आणि आपल्या आवृत्त्यांनी दुसऱ्या जन्मातली प्रत हाती घेऊन पहिल्याचे वर्णन केले आहे. लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताचा प्रश्नही याच दृष्टीने पाहिला पाहिजे: रोमन लिपीतले पुराण चर्चमधल्या वाचकासाठी, देवनागरीतले कोणासाठी?

वस्तू एका घरातून दुसऱ्या घरात जातात आणि तेथे काम करू लागतात, याची साक्ष उत्तर कोकणात अधिक स्पष्ट मिळते. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. त्यानंतर तेथील चर्चच्या घंटा घाटावर आल्या आणि देवळांतून टांगल्या गेल्या. वाईजवळ मेणवलीस, नाना फडणविसांच्या वाड्याखाली कृष्णेच्या घाटावरच्या देवळात जी पंचधातूची मोठी घंटा आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियेची आकृती आणि १७०७ हे साल आहे. भीमाशंकरास एक आहे. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळातली घंटा तर गावाच्या बोलण्यातच जाऊन बसली; पुराचे पाणी तिला लागले की नाही यावरून नाशिककर पुराची मोजणी करीत आले. तिच्यावर १७२१ साल आहे. या घंटांविषयी जे काही लिहिले जाते ते विजयचिन्ह म्हणून. ते खोटे नाही. पण विजयचिन्हे संग्रहात ठेवतात. या घंटा अडीचशेहून अधिक वर्षे वाजत आल्या आहेत. आरतीला जमलेल्या माणसाने दोरी ओढताना तिच्यावरील आईमुलाच्या आकृतीला कोणी देवकी-कृष्ण समजले असेल, कोणी काहीच समजले नसेल. स्टीफन्स यांनी वैकुंठ हा शब्द उचलून आपल्या तुळईला टांगला, आणि मेणवलीकरांनी मरियेची घंटा आपल्या तुळईला. पहिल्या कृतीला आपण अनुवाद म्हणतो, दुसरीला लूट. लूट तर ती होतीच. परंतु १५६७ नंतरच्या साष्टीत शब्दही काही विकत घेतलेले नव्हते. तुलनात्मक वाङ्मयाच्या अभ्यासकाला या दोन तुळया एकाच दृष्टिक्षेपात पाहता आल्या पाहिजेत.

उलट दिशेचीही उदाहरणे आहेत. कवळ्याचे शांतादुर्गेचे आजचे देऊळ १७३८ सालचे, शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या साह्याने बांधलेले. त्याचा घुमट, कमानींच्या खिडक्या, आतली काचेची झुंबरे पाहिली म्हणजे चर्च बांधणाऱ्या गवंड्यांचेच हात येथे फिरले असावेत असे वाटते. (घरात आपण अलमारी म्हणतो, चावी म्हणतो, तेही त्याच गलबतांतून उतरलेले शब्द आहेत, भाषाशुद्धीच्या ऐन भरातही कोणाला ते सुचले नाही.)

वसईकडच्या खेड्यांचा विचार स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तेथील ख्रिस्ती समाजाने सामवेदी आणि वाडवळी बोली टिकविल्या आणि लिखाणासाठी मराठी स्वीकारली. त्याच समाजातून आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. २०२४ साली ते निवर्तले. बायबलच्या मराठी अनुवादांचा इतिहास लिहिताना आपण श्रीरामपूरपासून सुरुवात करतो. वसई आणि रायतूर यांना तळटीप मिळते.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहावासा वाटला ते सांगतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविधीसंबंधी जो दस्तऐवज मान्य केला, त्याने लोकभाषेला वाट करून दिली. गोव्यात कोंकणी, वसईत मराठी मिस्सा सुरू झाली. धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभा राहू लागला, त्यासाठी वेदी भिंतीपासून पुढे आणली गेली, मागचे मखर केवळ शोभेचे उरले. ध्वनिवर्धक आला आणि पुलपिटाचे काम संपले. म्हणजे जी भाषा १६८४ साली चर्चमधून हाकलली जात होती, ती मानाने परत आली तेव्हा तिच्या जुन्या श्रवणाची चौकट मोडकळीस निघाली होती. यात कोणाचा दोष नाही. उपासना ही जिवंत माणसांसाठी असते, अभ्यासकांसाठी नव्हे. परंतु गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत खेड्यापाड्यांतली जुनी चर्चे वाढत्या वस्तीसाठी मोठी करताना, नवी फरशी घालताना, वाळवीने खाल्लेले मखर उतरविताना काय काय गेले याची मोजदाद कोणी केली नाही. वर्खावर तैलरंग चढतो. थडग्यांच्या शिळांवर फरशी बसते, आणि शिळेवरचा लेख वाचला जाण्यापूर्वी झाकला जातो. पुलपिट सुटा करून कोपऱ्यात ठेवला जातो, मग अडगळीत, मग लाकूड म्हणून विकला जातो. धर्मसंस्थेने काही जपले, हे नमूद केले पाहिजे: ख्रिस्ती कलेचे संग्रहालय १९९४ साली रायतूरलाच निघाले आणि २००२ साली जुन्या गोव्यातील सांता मोनिकाच्या मठात हलविले गेले. त्या संग्रहालयाच्या कपाटांत चांदीची व हस्तिदंताची कामे पाहावयास मिळतात. पुलपिट संग्रहालयात आणला की तो सुतारकामाचा नमुना होतो. मंडपातली त्याची उंची, भिंतीपासूनचे अंतर, त्यावरून आवाज कोठवर जात असे, हे बरोबर येत नाही.

मुक्काम बदललेल्या मूर्तीची आठवण गाव कशी ठेवते, हे पाहावयाचे तर कोलव्याला जावे. तेथील चर्चमधली बाळ येशूची मूर्ती फादर बेंतो फेरैरा यांनी सतराव्या शतकाच्या मध्यास मोझांबिकच्या किनाऱ्यावरून आणलेली. पुढे ती रायतूरला नेण्यात आली आणि गावाने वारंवार मागूनही परत मिळाली नाही. गावाने दुसरी मूर्ती केली आणि दर ऑक्टोबरात तिची 'फामा' भरते. मूळची रायतूरला, उत्सव कोलव्याला. पाठचिकित्सेत मूळ प्रत आणि प्रचलित प्रत यांच्या ज्या चर्चा आपण करतो, त्या कोलव्याच्या मासेमाराला नव्याने समजावून सांगाव्या लागणार नाहीत.

तेव्हा मराठी विभागांकडून अपेक्षा अवाजवी नाही. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने साष्टीतल्या वा वसईतल्या एका खेड्याचे एकच चर्च घ्यावे; त्यातील वेद्या, पुलपिट, घंटा, शिळा यांचे माप आणि लेख टिपून घ्यावेत; बाप्तिस्मा व लग्नाच्या नोंदवह्या पाहण्याची परवानगी मागावी; म्हाताऱ्यांना पुराणाची चाल आठवते का ते विचारावे, आणि आठवत असेल तर ध्वनिमुद्रण करावे. मडगाव-वसईपर्यंत जाण्याचे भाडे विद्यापीठास परवडते. आणि क्रिस्तपुराणाची पुढची आवृत्ती जो कोणी सिद्ध करील, त्याने शब्दार्थसूचीच्या आधी सतराव्या शतकातल्या एका साष्टीकर चर्चचा नकाशा छापावा: वेदी कोठे, पुलपिट कोठे, मुले कोठे बसत, आणि श्रोता कोणत्या दाराने आत येई.